300 डॉलर नको म्हणणारी टॅबिथा

अमेरिकन भयकथालेखक स्टीफन किंगचा विषय निघाला की कचऱ्याच्या टोपलीचा किस्सा निघतोच. त्याच्या पहिल्या छापल्या गेलेल्या कादंबरीची, 'कॅरी'ची, पहिली काही पानं त्याने वैतागून टोपलीत टाकली, त्याच्या बायकोने, टॅबिथाने, ती बाहेर काढली, सिगारेटची राख झटकली, वाचली आणि त्याला पुढे लिहायला लावलं. किस्सा खरा आहे. पण सांगून सांगून तो पार गुळगुळीत झालाय आणि सांगणारा दर वेळी 'हार मानू नका'वर येऊन थांबतो. मला त्याच काळातली दुसरी एक गोष्ट जास्त मोठी वाटते. ती कुणी फारशी सांगत नाही, म्हणून आज लिहायला बसले.

किंग तेव्हा अमेरिकेतल्या मेन राज्यात, हॅम्पडनच्या शाळेत इंग्रजी शिकवायचा. पगार वर्षाला 6,400 डॉलर. घरात दोन लहान मुलं. सुट्टीत तो लाँड्रीत राबायचा, टॅबिथा डोनटच्या दुकानात शिफ्ट करायची. तीही विद्यापीठात शिकलेली आणि लिहिणारी. दोघांची ओळखच विद्यापीठाच्या लायब्ररीत काम करताना झालेली. एकदा मुलीचा कान दुखत होता, ताप होता आणि औषधाला पैसे कुठून आणायचे या विवंचनेत दोघं घरी पोचले, तर टपालात एका मासिकाचा 500 डॉलरचा चेक. तिथे आधीच देऊन ठेवलेली एक कथा घेतली गेली होती! इतकं काठावरचं जगणं होतं ते.

आणि अशा दिवसांत शाळेने त्याला विचारलं, वादविवाद मंडळाची जबाबदारी घेणार का? वर्षाला 300 डॉलर जास्तीचे. त्याने घरी येऊन सांगितलं. टॅबिथाने विचारलं, मग लिहायला वेळ उरेल? तो म्हणाला, फारसा नाही. ती म्हणाली, मग घ्यायचं नाही.

संपला विषय. त्या घरात 300 डॉलर म्हणजे कित्येक आठवड्यांचा किराणा होता आणि तो तिने सोडला. कशासाठी? तर एकही कादंबरी न छापलेल्या माणसाच्या संध्याकाळच्या काही तासांसाठी. टोपलीतून पानं काढायला पाच मिनिटं लागतात. हे 'नको' मात्र पुढे रोज किराणा भरताना निभवावं लागतं. किंगच्या कारकिर्दीचा पाया मला विचाराल तर इथे आहे.

ते तास कसे जायचे तेही बघा. भाड्याच्या ट्रेलरमधली, म्हणजे चाकांवरच्या घरातली, कपडे धुण्याची खोली. मांडीवर लहान मुलाचं डेस्क तोलून धरलेलं आणि त्यावर टाईपरायटर. ऑलिव्हेटी कंपनीचा, टॅबिथाचा. तिच्या यंत्रावर तो लिहीत होता, मग ती कशावर लिहीत होती, हा प्रश्न मला फार छळतो. तिची पहिली कादंबरी आली 1981 मध्ये, 'कॅरी'नंतर सात वर्षांनी.

'कॅरी' 2,500 डॉलर आगाऊ रकमेवर विकली गेली. संपादकाने ही बातमी यांना तारेने कळवली, कारण पैसे वाचवायला यांनी घरचा फोनच काढून टाकला होता. नंतर पेपरबॅकचे हक्क गेले 4 लाख डॉलरना, त्यातले निम्मे लेखकाचे. तोवर घरात पुन्हा फोन आला होता. त्यावर ही बातमी आली तेव्हा किंग घरी एकटाच होता. पायातलं बळ गेलं आणि तो दारातच खाली बसला. मग टॅबिथासाठी काहीतरी घ्यावं म्हणून धावत सुटला, तर रविवार. औषधांचं एक दुकान तेवढं उघडं. तिथून त्याने हेअर ड्रायर आणला. ती घरी आल्यावर त्याने आकडा सांगितला, तिने त्याच्या खांद्यावरून त्या चार खोल्यांच्या घराकडे एकदा बघितलं आणि रडायला लागली.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. साठाहून जास्त कादंबऱ्या, सिनेमे, जगभर खप. 2003 मध्ये अमेरिकेतल्या नॅशनल बुक फाउंडेशनने त्याला मोठा सन्मान दिला तेव्हा हॅरल्ड ब्लूमसारख्या समीक्षकाने जाहीर टीका केली. मलाही एका मैफलीत एकजण म्हणाले होते, किंग म्हणजे प्रवासात वाचायचा माल. मला तेव्हा राग आला होता, अजूनही येतो. बापाने सोडलेल्या घरातली, पगार पुरत नसलेल्या घरातली भीती त्याच्याइतक्या बारकाव्याने फार कमी जणांनी लिहिली आहे. भूत नंतर येतं, आधी थकलेलं बिल येतं. तो सन्मान घेताना किंग सुरुवातीलाच टॅबिथाबद्दल बोलला. ते 300 डॉलरही त्याच भाषणात आहेत.

पैसा आल्यावर त्याने ओकच्या लाकडाचं एक अवाढव्य टेबल घेतलं, खोलीच्या मधोमध ठेवलं आणि त्यामागे बसून कित्येक वर्षं दारू आणि कोकेनच्या नशेत लिहिलं. तेव्हा टॅबिथाने काय केलं? घरच्यांना आणि मित्रांना जमवलं आणि त्याच्या लिहिण्याच्या खोलीतल्या कचऱ्याची पिशवी त्याच्यासमोर गालिच्यावर ओतली. बीअरचे डबे, सिगारेटची थोटकं, कोकेनच्या बाटल्या. सुधार, नाहीतर घराबाहेर हो. टोपलीत हात घालणारी तीच आणि पिशवी ओतणारीही तीच. तो सुधारला. ते टेबलही गेलं. त्या जागी मुलांसाठी बसायची जागा झाली आणि नवं, निम्म्या आकाराचं टेबल कोपऱ्यात.

19 जून 1999. रस्त्याकडेने चालताना किंगला व्हॅनने उडवलं. पाय नऊ ठिकाणी मोडला, कंबरेचं हाड मोडलं, एक फुप्फुस आकसून बंद पडलं. पाच आठवड्यांनी, 24 जुलैला, त्याने पुन्हा लिहायचं ठरवलं. एरवी 'जरा थांब, किती काम करशील' म्हणणारी टॅबिथा या वेळी म्हणाली नाही. बँगोरच्या घरात मागच्या बोळात, कोठीच्या खोलीबाहेर, तिने टेबल लावलं. प्रिंटर ठेवला, पंखा ठेवला, त्याची चाकाची खुर्ची आत जाईल एवढी जागा केली. उकाडा मरणाचा होता. कंबर ठणकत असताना तो एक तास चाळीस मिनिटं बसला. मधेच ती त्याला गार पेप्सी देऊन गेली. ती पिताना त्याने आजूबाजूला बघितलं आणि दुखत असूनही त्याला हसू आलं. तो बोळ बराचसा ट्रेलरमधल्या त्या कपडे धुण्याच्या खोलीसारखा दिसत होता.