एकट्या हिप्पींनाच बोल का?

साठच्या दशकातल्या अमेरिकेतल्या हिप्पींवरचा, म्हणजे रूढ चौकट झुगारणाऱ्या तरुणांवरचा, तुमचा लेख आवडला, पण त्यातलं 'हिप्पींनी एलएसडी (भास घडवणारं नशेचं रसायन) आणलं आणि एक पिढी वाया घालवली' हे वाक्य मला अजिबात पटलं नाही. १९५३ पासून सीआयए या अमेरिकी गुप्तहेर संस्थेने 'एमकेअल्ट्रा' या गुप्त प्रकल्पात एलएसडीचे प्रयोग केले, अनेकदा माणसांना न सांगता. हिप्पींचा लाडका कादंबरीकार केन कीसी याने एलएसडी पहिल्यांदा घेतलं ते कुठल्या पार्टीत नव्हे, तर कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्कच्या सरकारी रुग्णालयात, पैसे घेऊन, प्रयोगातला स्वयंसेवक म्हणून. १९६४ मध्ये रंगवलेली बस घेऊन देशभर फिरला तो हाच कीसी. मग सगळा दोष पोरांच्या माथी का मारायचा?

एलएसडीचा प्रचार करणारा मानसशास्त्रज्ञ टिमथी लिअरी याच्यावर एवढं लिहिलंत, त्यातली निम्मी जागा सॅन फ्रान्सिस्कोतल्या हाइट-ॲशबरी या हिप्पींच्या वस्तीतल्या मोफत दवाखान्याला द्यायला हवी होती. १९६७ च्या उन्हाळ्यात हजारो पोरं सॅन फ्रान्सिस्कोत येऊन थडकली. कुणी उपाशी, कुणी आजारी, कुणी नशेत पार घाबरलेलं. डॉ. डेव्हिड स्मिथ यांनी जूनमध्ये दवाखाना उघडला. घाबरलेल्या पोराला पोलिसांच्या हवाली न करता शांत खोलीत बसवायचं आणि उतरेपर्यंत शेजारी बसून हळू आवाजात बोलत राहायचं, अशी तिथली पद्धत. आरोग्यसेवा हा हक्क आहे, असं ते ठणकावून सांगत.

आणि नशा आणणाऱ्या अळंब्या वापरून पारंपरिक उपचारविधी करणाऱ्या मेक्सिकोतल्या मारिया साबिनाचं लेखात नावही नाही, याचं फार वाईट वाटलं. १९५७ मध्ये 'लाइफ' या अमेरिकी नियतकालिकात हौशी अळंबी-अभ्यासक गॉर्डन वॉसनचा या अळंब्यांवरचा लेख आला आणि मेक्सिकोतल्या तिच्या गावात परदेशी तरुणांची रीघ लागली. त्यापायी गावाचा रोष तिने सोसला, तिचं घर जाळलं गेलं. लेखाचा पुढचा भाग येणार असेल तर तिच्यावर जरूर लिहा.