हिस्पॅनिक मुलींची लस ‘संस्कारां’पायी राहते?

अमेरिकेतल्या हिस्पॅनिक, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या, मुली कॉलेजात गेल्या तरी एचपीव्हीची (गर्भाशयमुखाचा कर्करोग घडवणाऱ्या विषाणूविरुद्धची) लस घेत नाहीत. घरचे कॅथलिक संस्कार आड येतात, लस घेतली तर मुलगी मोकाट सुटेल अशी भीती असते, आणि त्या वयात घेऊन उपयोगही नसतो, असा मजकूर सध्या फिरतोय. गोऱ्या तरुणींपेक्षा त्यांच्यात लसीकरण कमी आहे, एवढंच त्यात खरं.

संस्कार आड येत असते, तर अकरा-बारा वर्षांच्या लेकीला आईनं दवाखान्यात नेलंच नसतं. पण सीडीसी या अमेरिकी सरकारी आरोग्यसंस्थेच्या पाहण्यांत किशोरवयीन हिस्पॅनिक मुलं-मुली वर्षानुवर्षं गोऱ्यांच्या बरोबरीनं, कित्येकदा पुढेच दिसतात. खुद्द कॅथलिक मेक्सिकोत 2012 मध्ये पाचवीच्या मुलींसाठी ही लस देशभर सुरू झाली.

घोडं अडतं ते पुढे. मोफत लशीची ‘व्हॅक्सिन्स फॉर चिल्ड्रन’ योजना एकोणिसाव्या वाढदिवशी संपते. टेक्सास आणि फ्लोरिडाने मेडिकेडचा, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याचा, विस्तार केलेला नाही, त्यामुळे गरीब घरच्या कितीतरी विद्यार्थिनींकडे इन्शुरन्सच नसतो. पंधराव्या वर्षानंतर सुरुवात केली, की दोनाऐवजी तीन डोस लागतात. पहिला सप्टेंबरात घेतला तर तिसरा मार्चमध्ये. तोवर सेमिस्टर बदललेलं, कामाच्या पाळ्या बदललेल्या. आईवडिलांच्या इन्शुरन्सवर असलेल्या मुलीचा तर डोसाचा तपशील पत्रानं घरी जाऊ शकतो. इथे घरच्यांची भीड आड येते, हे मी नाकारत नाही. पण ते पत्र इन्शुरन्स कंपनी पाठवते, चर्च नव्हे.

मोकाट सुटण्याचं म्हणाल, तर जॉर्जियातल्या सुमारे 1,400 मुलींच्या नोंदी तपासून 2012 मध्ये निष्कर्ष आला: लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलींत तसा फरक नाही.

‘आता उपयोग नाही’ हा दावा मला सगळ्यात घातक वाटतो. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचं प्रमाण हिस्पॅनिक स्त्रियांत गोऱ्या स्त्रियांपेक्षा जास्त आहे, आणि असा दावा वाचून एखादी मुलगी लस टाळेल. स्वीडनच्या 2020 च्या अभ्यासात सतराव्या वर्षाआधी लस घेतलेल्यांत हा कर्करोग 88 टक्क्यांनी कमी आढळला. सतरा ते तीस या वयात घेतलेल्यांतही 53 टक्क्यांनी. लवकर घेणं उत्तमच, पण निम्म्याहून अधिक धोका टळत असेल तर त्याला निरुपयोगी कसं म्हणायचं? अमेरिकेत सव्विसाव्या वर्षापर्यंत लस घ्या असंच सांगतात. मधला डोस चुकला तरी पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. राहिलेला तेवढा घ्यायचा.