भिंत कुठंय भिंत?

आमच्या ह्यांना कुठेही न्यायचं म्हणजे परीक्षेला बसवल्यासारखं असतं, आधी अभ्यास. अहमदाबादला एका लग्नाला जायचं होतं, म्हटलं एक दिवस आधी जाऊन जुनं शहर बघू, तर गाडी सुटल्यापासून सुरू. १४११ मध्ये अहमदशहाने शहर वसवलं, १४८७ मध्ये महमूद बेगड्याने भोवती कोट घातला, दहा किलोमीटरचा, १२ दरवाजे, १८९ बुरूज. समोरच्या बर्थवरच्या काकांनी अंगावरची चादर डोक्यापर्यंत ओढली, मला ती पण सोय नव्हती.

ह्यांचं ठरलं होतं. त्या भिंतीवरून चालायचं.

सकाळी स्टेशनबाहेर रिक्षावाल्याला ह्यांनी ऐटीत सांगितलं, भाई, कोट की दीवार. तो म्हणाला, "कई दीवाल?" मग ह्यांनी त्याला १४८७ पासून सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, साहब, दरवाजा बोलो ना, कौनसा दरवाजा? दिल्ली दरवाजा, दरियापूर, रायपूर, आस्टोडिया, सारंगपूर, पाहिजे तो घ्या. भिंत मात्र नाही. शहर वाढत गेलं तशी ती पाडली, नदीच्या अंगाला काही तुकडे राहिलेत तेवढेच. दरवाजे आपले भर ट्रॅफिकमध्ये उभे, आजूबाजूने रिक्षा सुसाट आणि ह्यांचं तोंड असं झालं की जणू काही घरचीच भिंत पाडली.

मी म्हटलं आता आलोच आहोत तर हेरिटेज वॉक करू. काळुपूरच्या स्वामीनारायण मंदिरापासून निघायचं आणि पोळांमधून फिरत जामा मशिदीपर्यंत. पोळ म्हणजे एका वेशीच्या आतली आख्खी वस्ती, अरुंद गल्ल्या, लाकडी कोरीवकामाची घरं, पक्ष्यांना दाणे घालायचे खांबावरचे चबुतरे. मला जाम आवडलं. एका बोळात तर समोरच्या खिडकीतल्या बाईने मला नुसतं बघून ह्यांच्याकडे मान उडवली आणि कपाळाला हात लावला, भाषा वेगळी असली तरी संसार तोच ना. पुढे कवी दलपतरामांच्या घराच्या जागी त्यांचा पुतळा बसलेला आहे, हे जाऊन त्याच्या शेजारी टेकले. फोटोसाठी बसलो म्हणाले. फोटो काढून झाल्यावर पंधरा मिनिटं उठले नाहीत.

गाईडने तिथे माणेकनाथ बाबाची गोष्ट सांगितली. कोट बांधायला घेतला तेव्हा हा बाबा म्हणे दिवसभर चटई विणायचा आणि रात्री ती उसवायचा, आणि चटई उसवली की दिवसभराचं बांधकाम कोसळायचं. हे ऐकून ह्यांना एकदम दुःखात सोबती मिळाला, म्हणजे बघ, ही भिंत पहिल्यापासूनच अशी! एल्लिसब्रिजजवळचा माणेक बुरूज आणि माणेक चौक ह्या बाबाच्याच नावाचे. मला मात्र त्या चटईचं वाईट वाटलं, कारण स्वेटरच्या बाबतीत मी हेच करते आणि माझ्या नावाने कोणी चौक काढलेला नाही.

जामा मशीद १४२४ ची, २६० खांब. ह्यांनी मोजायला घेतले, साठाच्या आसपास मी "पाणी देता का" विचारलं आणि पुन्हा एकपासून. तेवढ्यात मी जवळच्या राणीनो हजीरोला जाऊन आले. आहेत त्या राण्यांच्या कबरी, पण भोवती सगळा बायकांच्या कपड्यांचा आणि दागिन्यांचा बाजार. इतकी विचारी ऐतिहासिक वास्तू मी दुसरी पाहिली नाही, दोन तास बारकाईने पाहिली आणि तीन पिशव्या झाल्या.

दुपारी सिदी सय्यद मशिदीची जाळी. १५७३ ची, दगडात कोरलेलं झाड, आयआयएमच्या लोगोत आहे तेच. इतकं नाजूक की मी पाच मिनिटं काहीच बोलले नाही, ह्याची आमच्या घरात नोंद व्हायला हवी. आणि गंमत म्हणजे तिथल्या मधल्या कमानीत जाळीच नाही, भिंत आहे. साधी, बुजवलेली. ह्यांनी सगळ्या जाळ्या सोडून त्या भिंतीचे अकरा फोटो काढले.

संध्याकाळी माणेक चौकात खायला चाललो होतो. सकाळी तिथे भाजी, दुपारी सोनंचांदी आणि रात्री खाऊगल्ली, त्यामुळे पाय आपोआप वळतात. वाटेत तीन दरवाजा लागला. त्याच्यावर १८१२ चा एक देवनागरी शिलालेख आहे, मराठ्यांचा सुभेदार चिमणाजी रघुनाथ ह्याने लावलेला, की मुलीला बापाच्या इस्टेटीत वाटा बिनतक्रार द्या, नाहीतर हिंदूला महादेवाला आणि मुसलमानाला अल्लाला जाब द्यावा लागेल. ह्यांचा चेहरा दिवसभरात पहिल्यांदा उजळला.

"अगं, म्हणजे तुझ्या बाबांच्या घरात तुझा..." असं म्हणत फोटो काढला पण, आमच्या माहेरच्या ग्रुपवर टाकायला.

मी म्हटलं, टाका ना. आणि तुमच्या घरच्या ग्रुपवर पण टाका, दोन्ही वन्सं बघतील.

फोन खिशात गेला. म्हणाले, लाईट बरोबर नव्हता गं, नीट आलाच नाही फोटो. चल, भूक लागलीय.