ड्रॅक्युलाच्या छातीत खुंटा ठोकलाच कुणी?

‘ब्रॅम स्टोकरच्या ‘ड्रॅक्युला’ कादंबरीत शेवटी पिशाच्चांचा जाणकार व्हॅन हेल्सिंग रक्तपिपासू पिशाच्च ड्रॅक्युलाच्या छातीत लाकडी खुंटा ठोकतो आणि सकाळचं ऊन पडताच त्याची राख होते’, असं ठासून सांगणाऱ्या पोस्टी सतत फिरत असतात. १८९७ च्या मूळ पुस्तकात तिन्ही गोष्टी वेगळ्या आहेत.

आधी उन्हाचं बघू. हा शेवटचा प्रसंग ६ नोव्हेंबरचा, मीनाच्या (ड्रॅक्युलाचा पाठलाग करणाऱ्या जोनाथनच्या बायकोच्या) रोजनिशीतला, आणि वेळ सकाळची नाही, मावळतीची. मातीने भरलेली पेटी लादलेली जिप्सींची गाडी ड्रॅक्युलाच्या किल्ल्याकडे धावते आहे. सूर्य बुडाला की पेटीतला काउंट ड्रॅक्युला मोकळा, म्हणून पाठलाग करणाऱ्यांना घाई. ऊन त्याला जाळत नाही, दिवसा त्याच्या शक्ती तेवढ्या आटतात. ३ ऑक्टोबरला तर तो दिवसाढवळ्या लंडनमधल्या पिकॅडिलीच्या घरात शिरतो. जोनाथनच्या कुकरीने त्याचा कोट फाटतो, नोटा आणि सोन्याची नाणी जमिनीवर सांडतात आणि हा पठ्ठ्या त्यातली मूठभर उचलून खिडकीतून उडी टाकतो! उन्हाने मरणारा पिशाच्च आला तो १९२२ च्या ‘नोस्फेराटू’ या मूकपटातून.

मारेकरी व्हॅन हेल्सिंगही नाही. तो मीनाजवळ खडकाआड शस्त्र रोखून उभा आहे. जोनाथन गाडीवर चढून पेटी खाली फेकतो. एका बाजूने त्याची कुकरी, दुसऱ्या बाजूने साथीदार क्विन्सी मॉरिसचा बोवी सुरा, असं झाकण उचकटतं. मावळता सूर्य दिसताच काउंटच्या डोळ्यांतला द्वेष विजयात बदलतो. त्याच क्षणी कुकरी गळ्यातून आरपार जाते आणि बोवी सुरा काळजात घुसतो, आणि बघता बघता देहाची धूळ होते.

खुंटा कादंबरीत आहे, पण पिशाच्च बनलेल्या ल्यूसीच्या थडग्यात, २९ सप्टेंबरला. अडीच-तीन इंच जाड, सुमारे तीन फूट लांब, टोक विस्तवात भाजून कडक केलेलं. तो ठोकतो तिचा वाग्दत्त वर आर्थर, कोळसा फोडायच्या हातोड्यासारख्या जड हातोड्याने. व्हॅन हेल्सिंग प्रार्थना वाचतो. मग खुंट्याचा वरचा भाग करवतीने कापायचा, टोक आतच ठेवायचं, शिर उतरवायचं, तोंडात लसूण भरायचा, शिशाची शवपेटी डाख देऊन बंद करायची. एवढा सगळा खटाटोप जिप्सींचे सुरे चुकवत, सूर्य बुडायच्या आत कोण करणार?

यावरून दुसरा, जास्त हुशार दावा निघतो: खुंटा नाही म्हणजे काउंट मेलाच नाही, धूळ होऊन निसटला. यात थोडं तथ्य आहे. पिशाच्च चांदण्यातून धूलिकण होऊन येतात, असं व्हॅन हेल्सिंगच सांगतो. गळा चिरल्याचं मीना लिहिते, शिर वेगळं झाल्याचं स्पष्ट लिहीत नाही, हेही खरं. पण रूप बदलायला दिवसा फक्त माध्यान्ह किंवा नेमका सूर्योदय-सूर्यास्त चालतो, आणि देहाची धूळ झाल्यावरही सूर्य डोंगरमाथ्यावर टेकलेलाच असतो. शिवाय खुंटा हा एकच उपाय नव्हे. मंतरलेली गोळी आणि शिरच्छेद हेही व्हॅन हेल्सिंग वेगळे मोजतो. किल्ल्यातल्या तिघी पिशाच्चिणींची शिरं तो उतरवतो तेव्हा त्यांचीही अशीच माती होते. ल्यूसीचा देह मात्र टिकतो, कारण ती नुकतीच मेलेली. आणि सगळ्यात पक्का पुरावा म्हणजे काउंटने रक्त प्यायलेल्या मीनाच्या कपाळावरचा, पवित्र प्रसादाच्या स्पर्शाने उठलेला डाग. काउंट जिवंत असता तर तो डाग गेला नसता. मरता मरता क्विन्सी बोट दाखवतो ते त्या स्वच्छ झालेल्या कपाळाकडेच.