‘शिस्त लावा, आपोआप झोपेल’: ऑटिझम असलेल्या मुलांच्या झोपेवरच्या त्या मेसेजला उत्तर

ऑटिझम असलेल्या मुलांच्या पालकांमध्ये एक मेसेज पुन्हा पुन्हा फिरत असतो. शब्द थोडेफार बदलतात, मजकूर तोच राहतो. थोडक्यात असा: ‘ही मुलं रात्री झोपत नाहीत, कारण घरात शिस्त नसते. दिवसभर पळवून दमवा. खोलीत एकटं झोपवा, कितीही रडलं तरी आत जाऊ नका, तीन दिवसांत सरळ होतं. तरी नाही जमलं तर मेलाटोनिनच्या गमी, म्हणजे झोपेसाठीच्या चघळायच्या मऊ गोळ्या, द्या, नैसर्गिक असतात, अपाय काही नाही. अंगावर जड पांघरूण घाला. आणि एवढं करूनही फरक पडला नाही तर नाद सोडा, या मुलांना झोप मुळातच कमी लागते.’

मी विशेष शिक्षिका आहे. वर्गात आलेलं मूल रात्री झोपलंय की नाही, हे पहिल्या काही मिनिटांतच कळतं. कालपर्यंत जमणारी गोष्ट आज जमत नाही, खुर्ची सरकल्याच्या आवाजानेही ते कानांवर हात ठेवतं. त्याला सोडायला आलेली आईही रात्रभर जागीच असते. अशा आईच्या हातात हा मेसेज पडतो, तेव्हा तिला त्यातून आधार मिळत नाही, दोष तेवढा मिळतो. म्हणून यातल्या एकेका विधानाला उत्तर द्यायला हवं.

‘शिस्त नाही म्हणून झोपत नाहीत.’ वेगवेगळ्या पाहण्यांचे आकडे वेगवेगळे असले, तरी ऑटिझम असलेल्या मुलांपैकी साधारण ५० ते ८० टक्के मुलांना झोपेचा काही ना काही त्रास असतो, असं त्यांतून दिसतं. इतर मुलांमध्ये हे प्रमाण बरंच कमी आहे. एवढ्या सगळ्या घरांतले आई-बाबा एकाच बाबतीत कमी पडतात, हे पटण्यासारखं नाही. त्याच घरात, त्याच आई-बाबांच्या हाताखाली वाढणारं दुसरं भावंड कित्येकदा वेळेवर गाढ झोपलेलं असतं. ब्रिटनमध्ये हजारो मुलांची जन्मापासून नोंद ठेवणारा एक मोठा अभ्यास आहे. त्यातली ऑटिझम असलेली मुलं अडीच वर्षांपासून अकरा वर्षांपर्यंत इतरांपेक्षा रोज १७ ते ४३ मिनिटं कमी झोपत होती. त्याआधीच्या वयात मात्र असा ठळक फरक नव्हता.

कारणं शरीरात शोधावी लागतात. काही मुलांमध्ये रात्री वाढायला हवं ते मेलाटोनिन, म्हणजे झोपेची वेळ झाल्याचं शरीराला सांगणारं संप्रेरक, पुरेसं किंवा वेळेवर तयार होत नाही. काहींना आवाज, उजेड, कापडाचा स्पर्श आपल्यापेक्षा कितीतरी तीव्रतेने जाणवतो. काहींच्या मनातली धास्ती अंथरुणावर पडल्यावरच वर येते. विसाव्या शतकाच्या मध्यावर तर खुद्द ऑटिझमचंच खापर आईच्या ‘थंडपणा’वर फोडलं जात होतं. विज्ञानाने ते केव्हाच मोडीत काढलं, पण आईकडे बोट दाखवायची सवय अजून गेलेली नाही. झोपेच्या निमित्ताने ती परत डोकं वर काढते, आणि मला त्याचा मनापासून राग येतो.

ठरलेल्या दिनक्रमाचा उपयोग होतो, हे खरं आहे, आणि चांगला होतो. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ऑटिझम असलेल्या ८० मुलांच्या पालकांना झोपेबद्दलचं साधं प्रशिक्षण दिलं गेलं. काहींना एकेकट्याला, काहींना गटात. दोन्हींकडे परिणाम सारखाच आला: मुलांना झोप लागायला सरासरी ५८ मिनिटं लागत होती, ती ४० च्या आसपास आली. तिथे पालकांना कुणी रागावलं नव्हतं. त्यांना नीट समजावून सांगितलं होतं, एवढंच.

‘दिवसभर दमवा.’ दिवसा भरपूर हालचाल आणि सकाळचं ऊन चांगलंच. पण संध्याकाळी उशिरापर्यंत पळवलेलं मूल बहुतेकदा आणखी चेकाळतं. धावपळीचे खेळ झोपेच्या बरेच आधी संपवावेत आणि शेवटचा तासभर शांत असू द्यावा, इतकंच.

‘रडलं तरी आत जाऊ नका.’ यावर जरा सविस्तर बोलायला हवं, कारण इथे मुलाला खरोखर इजा होऊ शकते. मूल रडलं तरी प्रतिसाद द्यायचा नाही, ही पद्धत संशोधनात आहे आणि काही मुलांना ती लागूही पडते. पण तिच्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, की मूल फक्त लक्ष वेधायला रडतंय. ज्याला ‘दुखतंय’ हे सांगता येत नाही, त्याच्या बाबतीत हे कशाच्या भरवशावर धरायचं?

माझ्या वर्गातला एक मुलगा, बोलणं जवळजवळ नाहीच. रोज मध्यरात्रीनंतर उठायचा, पलंगाच्या कडेवर पोट दाबून पालथा पडायचा आणि ओरडायचा. घरच्यांना वाटायचं, ही त्याची एक ठरलेली लकब आहे, ऑटिझममधलीच. बालरोगतज्ज्ञांनी पोट तपासलं तेव्हा जुनाट बद्धकोष्ठता निघाली. तिचे उपचार सुरू झाले आणि काही आठवड्यांत ते पालथं पडणं थांबलं, रात्रीचं ओरडणंही. त्याच्या खोलीचं दार तीन रात्री बंद ठेवलं असतं, तर तो कदाचित ओरडायचा थांबला असता. पोट मात्र दुखतच राहिलं असतं.

म्हणून झोपेच्या कुठल्याही उपायाआधी तपासणी. बद्धकोष्ठता, घशाशी येणारं आम्ल, दातदुखी, त्वचेची खाज, झोपेत घोरणं आणि श्वास अडकणं, अपस्माराचे रात्रीचे झटके, चालू असलेल्या एखाद्या औषधाचा परिणाम, हे सगळं पाहून घ्यावं लागतं. आणि लोह. ऑटिझम असलेली अनेक मुलं मोजकेच पदार्थ खातात, त्यामुळे शरीरातला लोहाचा साठा कमी पडू शकतो. साठा कमी झाला की काहींच्या पायांत रात्री अशी अस्वस्थता येते की पाय हलवल्याशिवाय राहवत नाही. रक्तातलं फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा दाखवणारं प्रथिन, तपासलं की हे कळतं. अशी लक्षणं असतील आणि फेरिटिन ५० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली असेल, तर डॉक्टर लोह द्यायचा विचार करतात. मनाने लोहाच्या गोळ्या मात्र सुरू करू नयेत, जास्त झालेलं लोह मुलांना घातक ठरतं.

दुखण्याखुपण्याची शंका मिटली, की मग सवयीचं काम. ते हळूहळू करता येतं, रडवावं लागत नाही. समजा, तुम्ही नऊला दिवा घालवता आणि मूल प्रत्यक्षात अकराला झोपतं. ते दोन तास ते अंथरुणात लोळतं, उठतं, चिडतं, आणि अंथरूण म्हणजे भांडणाची जागा हे त्याच्या मनात घट्ट बसतं. तर काही दिवस त्याला अकराच्या सुमारासच अंथरुणावर न्या. सकाळी उठवायची वेळ मात्र रोज एकच ठेवा, सुट्टीच्या दिवशीही. पडल्या पडल्या झोपायला लागलं, की पंधरा मिनिटं अलीकडे या. ते जमलं की आणखी पंधरा. मेसेजमधल्या तीन दिवसांत हे होत नाही, आठवडे लागतात.

त्याच्या आधीचा क्रम चित्रांतून दाखवा: दात घासणं, शू, कपडे बदलणं, गोष्ट, दिवा बंद. चार-पाच चित्रांची एक पट्टी भिंतीवर, मुलाच्या नजरेच्या उंचीवर. झालेलं चित्र मुलाने स्वतः काढून डबीत टाकायचं. आता पुढे काय होणार, हे ज्याला कानांपेक्षा डोळ्यांनी लवकर कळतं, त्याची निम्मी धास्ती या पट्टीनेच कमी होते. आई-बाबा शेजारी असल्याशिवाय झोप लागत नसेल, तर एकदम खोलीबाहेर जायची गरज नाही. पलंगाशेजारी बसा, काही दिवसांनी खुर्ची थोडी मागे, मग दाराशी. रात्रीतून थोडी थोडी जाग सगळ्यांनाच येते. झोप लागताना जे जवळ होतं ते जाग आल्यावरही तिथेच असलं, तर मूल पुन्हा झोपायची शक्यता वाढते.

खोलीकडेही मुलाच्या अंगाने बघा. दाराच्या फटीतून येणारी उजेडाची रेघ, कपड्याच्या मानेजवळचं टोचणारं लेबल, पायमोज्याची शिवण, पंख्याची टकटक. एका प्रयोगात शाळेत जायच्या वयाआधीच्या लहान मुलांना झोपेआधी तासभर प्रखर उजेडात ठेवलं, तर त्यांचं मेलाटोनिन जवळपास ८८ टक्क्यांनी घटलं. ही ऑटिझम असलेली मुलं नव्हती, पण लहान मुलांचे डोळे रात्रीच्या उजेडाला किती हळवे असतात ते यातून दिसतं. घरातले दिवे संध्याकाळीच मंद करायला पैसे लागत नाहीत.

‘मेलाटोनिन नैसर्गिक आहे, अपाय नाही.’ मेलाटोनिन हे संप्रेरक आहे. शरीर ते स्वतः तयार करतं, म्हणून बाहेरून कितीही द्यावं असं होत नाही. इन्सुलिनही शरीरच तयार करतं. मेलाटोनिन निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत १२५ मुलं होती. सवयी बदलूनही ज्यांची झोप सुधारली नव्हती, अशी. हळूहळू विरघळणारं मेलाटोनिन घेणारी मुलं १३ आठवड्यांनी सरासरी ५७ मिनिटं जास्त झोपू लागली, नुसती दिसायला तशीच, पण औषध नसलेली गोळी घेणारी ९ मिनिटं. हा फरक मोठा आहे. २०१८ मध्ये युरोपात ते औषध ऑटिझम असलेल्या मुलांसाठी मंजूरही झालं.

पण ते मोजून-मापून बनवलेलं औषध होतं. गमीची गोष्ट वेगळी. २०२३ साली अमेरिकेत बाजारातल्या २५ गमी प्रयोगशाळेत तपासल्या, तेव्हा २२ च्या वेष्टनावरचा आकडा चुकीचा निघाला. लिहिलेल्याच्या ७४ टक्क्यांपासून ३४७ टक्क्यांपर्यंत मेलाटोनिन त्यांत होतं, आणि एकीत तर अजिबातच नव्हतं. म्हणजे आज एक गमी दिली, उद्या दुसऱ्या डबीतली दिली, तर मुलाच्या पोटात तिपटीने जास्त गेलेलं असू शकतं आणि तुम्हाला कळणारही नाही. शिवाय ती दिसते गोळी-चॉकलेटसारखी. मुलांनी मेलाटोनिन खाल्ल्याच्या ज्या घटना अमेरिकेतल्या विषबाधा केंद्रांना कळवल्या गेल्या, त्या २०१२ मध्ये ८,३३७ होत्या, २०२१ मध्ये ५२,५६३.

अमेरिकन अकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजी या मेंदूविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये याबद्दल जो क्रम सांगितला, तो मला योग्य वाटतो: आधी सोबतचे आजार आणि औषधं तपासा, मग सवयींचे उपाय, आणि तेवढ्याने भागलं नाही तर मेलाटोनिन, झोपेच्या अर्धा ते एक तास आधी, १ ते ३ मिलिग्रॅमच्या लहान मात्रेपासून. किती आणि किती दिवस, हे डॉक्टरांनी ठरवायचं. मेसेजमध्ये नाही, पण पालकांच्या तोंडून ऐकते म्हणून सांगते: सर्दीचं गुंगी आणणारं औषध झोपेसाठी देऊ नका. काही मुलं त्याने झोपण्याऐवजी उलट अधिक उत्तेजित होतात.

‘जड पांघरूण घाला.’ याची नीट चाचणी झाली आहे, २०१४ साली ब्रिटनमध्ये. ६७ मुलांनी ती पूर्ण केली. काही दिवस जड पांघरूण, काही दिवस साधं. झोपेचे तास वाढले नाहीत, जागही कमी झाली नाही. मुलांना आणि पालकांना जड पांघरूण आवडलं मात्र. तुमच्या मुलाला आवडत असेल आणि ते स्वतःच्या हाताने बाजूला सारता येत असेल, तर खुशाल वापरा. तान्ह्या बाळांना आणि अगदी लहान मुलांना नको. मुलाला जागेवर दाबून ठेवण्यासाठी तर कधीच नाही.

‘या मुलांना झोप कमीच लागते.’ सहा ते बारा वर्षांच्या मुलाला दिवसाला ९ ते १२ तास झोप लागते, तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दुपारची धरून १० ते १३ तास. ऑटिझम असल्याने ही गरज आपोआप कमी होत नाही. एखाद्या मुलाला जरा कमी पुरत असेलही, पण ते मूल सकाळी आपणहून उठतं, दिवसा पेंगत नाही, संध्याकाळपर्यंत त्याचा ताल टिकतो. दिवसभर चिडणारं, स्वतःला मारून घेणारं, काल शिकलेलं आज विसरणारं मूल कमी झोपेत भागवत नसतं. त्याची झोप अपुरी पडत असते. ‘ऑटिझम आहे, असंच राहणार’ असं म्हणून हात झटकले की बद्धकोष्ठता तशीच राहते, लोह कमीच राहतं, घोरणं कुणी तपासत नाही.

डॉक्टरांकडे जाताना दोन आठवड्यांची नोंद घेऊन जा: अंथरुणावर कधी नेलं, झोप कधी लागली, जाग कितीदा आली आणि तेव्हा मूल काय करत होतं, सकाळी कधी उठलं, त्या दिवशी शी झाली का, कुठली औषधं चालू आहेत. झोपेत श्वास थांबल्यासारखा वाटला, अंगाला झटके आले, किंवा आजवर नीट झोपणारं मूल अचानक झोपेनासं झालं, तर मात्र दोन आठवडे थांबू नका. जमलं तर त्या वेळचा मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि लगेच दाखवा.