हिवाळ्यातली उदासी आणि साठ हजारांची पुडी

नोव्हेंबर लागला की ब्रिटनमधल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश हमखास फिरू लागतो. त्याचा आशय असा, की इथल्या हिवाळ्यात येणारी उदासी ही निव्वळ ड जीवनसत्त्वाची कमतरता असते. तेव्हा सकाळी खिडकीत कोवळ्या उन्हात बसावे, भारतातून आणलेली साठ हजार युनिटची पुडी दर आठवड्याला घ्यावी आणि डॉक्टरच्या नादी लागू नये. सल्ला आपुलकीचा आहे, म्हणूनच तो तपासायला हवा.

आधी कोवळ्या उन्हाविषयी. त्वचेत हे जीवनसत्त्व तयार होते ते अतिनील-ब किरणांमुळे, आणि सूर्य खाली असताना ते बहुतांशी वातावरणातच अडतात. 21 डिसेंबरला भरदुपारी मुंबईत सूर्य सुमारे 47 अंशांवर असतो आणि आपली सावली उंचीपेक्षा किंचित आखूड पडते. त्याच दिवशी लंडनमध्ये तो जेमतेम 15 अंशांवर येतो आणि सावली उंचीच्या पावणेचारपट लांबते. त्यामुळे ऑक्टोबरपासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत इथल्या उन्हातून पुरेसे जीवनसत्त्व मिळतच नाही, मग ते सकाळचे असो वा दुपारचे. खिडकीची काच तर हे किरण जवळपास पूर्णच अडवते. (कोवळ्या उन्हाची थोरवी या बाबतीत पुण्यातही जरा जास्तच गायली जाते.)

दुसरा मुद्दा उदासीच्या कारणाचा, आणि खरी गल्लत इथेच आहे. नैराश्य असलेल्यांमध्ये हे जीवनसत्त्व अनेकदा कमी आढळते हे खरे. पण खिन्न माणूस घराबाहेर कमी पडतो, त्यामुळे कोणते कारण आणि कोणता परिणाम हे एवढ्यावरून ठरत नाही. पन्नाशीपुढच्या 18,353 अमेरिकी स्त्री-पुरुषांना रोज 2,000 युनिट किंवा तशीच दिसणारी औषधहीन गोळी सरासरी पाच वर्षे देऊन पाहिली गेली. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत नैराश्याच्या प्रमाणात फरक दिसला नाही. दर हिवाळ्यात परतणाऱ्या या उदासीचे, म्हणजे ऋतुजन्य नैराश्याचे, वर्णन मनोविकारतज्ज्ञ नॉर्मन रोझेन्थाल आणि सहकाऱ्यांनी 1984 साली केले, तेव्हाही त्यांनी उपाय योजला तो प्रखर प्रकाशाचा. या उपचारासाठी आज वापरतात ते 10,000 लक्सचे (लक्स हे प्रकाशाच्या प्रखरतेचे माप) दिवे अतिनील किरण गाळून टाकतात. प्रकाश इथे डोळ्यांवाटे मेंदूतल्या दैनिक घड्याळावर काम करतो, त्वचेवाटे नव्हे. म्हणून ढगाळ सकाळीही बाहेर चालून येण्याला अर्थ आहे, जरी त्यातून ड जीवनसत्त्व मिळत नसले तरी.

पुडीचे म्हणाल, तर ब्रिटनमधला अधिकृत सल्ला हिवाळ्यात रोज 400 युनिटचा आहे. सावळ्या वर्णाच्या लोकांनी हीच 400 युनिटची मात्रा वर्षभर घेण्याचा विचार करावा, असेही त्यात म्हटले आहे. मोठ्यांसाठी कमाल मर्यादा रोज 4,000 युनिट. आठवड्याला साठ हजार म्हणजे दिवसाला साडेआठ हजारांवर. भारतात डॉक्टर ही पुडी ठरावीक आठवड्यांपुरती देतात; ती परस्पर चालू ठेवली तर रक्तातले कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांना इजा होऊ शकते.

राहिला डॉक्टर टाळण्याचा सल्ला. ऋतुजन्य नैराश्यावर इथे इतर नैराश्यासारखेच, म्हणजे समुपदेशनाने आणि गरज पडल्यास औषधांनी, उपचार होतात. दिवा आणायचा असला तरी डोळ्यांचा विकार किंवा बायपोलर आजार असलेल्यांनी आधी विचारावे, कारण प्रखर प्रकाशाने उन्मादाचा झटका येऊ शकतो. दोन आठवडे झोप, भूक, कामातले लक्ष बिघडलेलेच असेल तर जीपीची, म्हणजे आपण जिथे नाव नोंदवले आहे त्या डॉक्टरची, वेळ घ्यावी, आणि जीव नकोसा वाटू लागला तर वेळेची वाट न पाहता त्याच क्षणी 111 या आरोग्यसेवेच्या क्रमांकावर फोन करावा.