‘हरित शाळा’ पुरस्कार बंद करा म्हणे!

कोल्हापुरातल्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: पाणी, वीज, कचऱ्याचा हिशेब ठेवणाऱ्या शाळांना मिळणारे ‘हरित शाळा’ पुरस्कार बंद करा. मला तो तीनदा आला, त्यात एकदा सख्ख्या मेहुण्याकडून. मजकूर थोडक्यात असा: ‘शाळेचं काम शिकवायचं, कचरा मोजायचं नव्हे. पर्यावरणाचे पुरस्कार पैसेवाल्या शाळांनाच मिळतात. सगळा फोटोचा खेळ. आणि पोरांनी नळ बंद करून पंचगंगा स्वच्छ होणार हाय व्हय?’

शिकवण्याचं आधी बघू. पर्यावरणासाठी लढणारे वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ सालीच पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करायला सांगितलंय. आपल्याकडं परिसर अभ्यास तिसरीपासून आहे. तो नुसता पाठ करायचा आणि परिसराकडं बघायचंच नाही, हे कसलं शिकवणं?

माझ्या मुलीच्या शाळेत पाण्याचा हिशेब सहावीच्या पोरांकडं होता. हात धुवायच्या गळक्या नळाखाली त्यांनी स्टीलचा पेला ठेवला, एकानं घड्याळ धरलं. दहा मिनिटांत पेला भरला. तासाला ६, दिवसाला १४४ पेले. पेला २०० मिलिलिटरचा, म्हणजे जवळजवळ २९ लिटर, आणि हे एका नळाचं. असले चार निघाले. चारही सारखे गळत नव्हते म्हणून सरासरी काढावी लागली, त्यावरून वर्गात भांडणं झाली. आकडा फळ्यावर आला आणि वर्षभर ‘बघू’ म्हणणाऱ्यांनी दुसऱ्या दिवशी नळांचे वायसर बदलले. गुणाकार, एककं, सरासरी. यातलं अभ्यासक्रमाबाहेरचं काय?

पैसेवाल्या शाळांचं म्हणाल, तर मेसेज लिहिणाऱ्यानं एकदा तपासणीचा तक्ता तरी बघायचा. दिल्लीच्या ‘सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट’चा हरित शाळांचा उपक्रम २००६ पासून चालू आहे. त्यात हवा, ऊर्जा, अन्न, जमीन, पाणी आणि कचरा यांची मोजदाद मुलंच करतात. मुलं शाळेला कशी येतात, हाही प्रश्न त्यात असतो. चालत येणाऱ्या पोरांची झेडपीची शाळा इथं एसी बसवाल्या शाळेच्या पुढं जाते. आपल्या राज्याच्या ‘मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा’ अभियानात तर सरकारी आणि खाजगी शाळांचे गटच वेगळे होते. सोलर पॅनेल बसवायला पैसा लागतो, हे खरं. पण ओला-सुका कचरा वेगळा करायला दोन डबे पुरतात.

फोटोच्या मुद्द्यावर मात्र माझं भांडण नाही. एका शाळेत मी स्वतः बघितलंय. पाच जूनला, पर्यावरण दिनाला, खड्डा, रोप, पाहुणे, नारळ. पुढच्या पाच जूनला तोच खड्डा, नवं रोप, पाहुणे तेवढे बदललेले. तपासणीच्या आदल्या दिवशी भाड्यानं कुंड्या आणल्याचंही ऐकलंय. पण हा दोष तारीख कळवून येणाऱ्या तपासणीचा. परीक्षेत कॉपी होते म्हणून आपण परीक्षा बंद करत नाही, भरारी पथक पाठवतो. परीक्षकांनी मे महिन्यात, शाळेला सुट्टी असताना, न कळवता यावं आणि रोपाला पाणी कोण घालतंय ते बघावं. पोरांच्या नोंदवह्या मागाव्यात. रोजच्या नोंदीला शाई बदलते, डाग पडतात, एका बैठकीत लिहिलेली वही लगेच कळते. ‘इको-स्कूल्स’ या आंतरराष्ट्रीय उपक्रमात शाळांना मिळणारा हिरवा झेंडाही एकदा मिळाला की कायमचा असं नाही, ठरावीक मुदतीनं पुन्हा तपासून घ्यावा लागतो. आपल्याकडच्या ढाली मात्र हेडमास्तरांच्या कपाटात पिढ्यान्‌पिढ्या चमकतात.

राहिली पंचगंगा. नाही, नळ बंद करून ती स्वच्छ होणार नाही. जयंती नाल्यातून येणारं सांडपाणी अडवणं हे महापालिकेचं काम, कारखान्यांवर नजर ठेवणं प्रदूषण नियंत्रण मंडळाचं. ते सहावीच्या पोरांवर ढकलायचं, असं कुठल्याही पुरस्काराच्या नियमात मी वाचलेलं नाही. पण घरात त्यांचं चालतं. आमचा गणपती आता नदीत न जाता इराणी खणीत, म्हणजे जुन्या खाणीच्या तळ्यात, जातो, तो मुलीच्या हट्टानं. मेहुण्याचा अजून पंचगंगा घाटावरच.